टाकळीचा शंख

हिस्लॉप कॉलेजात मी तीन वर्षं काढली, पण हे हिस्लॉप कोण, हे मला कॉलेज सोडल्यावर चाळीस वर्षांनी कळलं. सांगायला लाज वाटते, पण खरं तेच सांगायला हवं. यवतमाळहून नागपूरला शिकायला आलेल्या आम्हा मुलींना ‘हिस्लॉप’ हे कॉलेजचं नाव होतं, माणसाचं नव्हे. सुटीला घरी जाताना एस. टी. नागपूर सोडायची, बुटीबोरी यायची, मग वर्धा, देवळी, कळंब आणि यवतमाळ. बुटीबोरीला गाडी थांबली की आम्ही खिडकीतून भुईमुगाच्या शेंगा घ्यायचो. ज्यांच्या नावाच्या कॉलेजात आपण शिकतो, त्यांनी इथूनच जवळ एका ओढ्याच्या पुरात शेवटचा श्वास घेतला, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही.

माझी त्यांच्याशी गाठ पडली ती २०२४ च्या उन्हाळ्यात, माहेरच्या तलावावर. माझं माहेर महागाव तालुक्यातलं. गावाचा तलाव १९७२ च्या दुष्काळात झाला. माझ्या वडिलांनी त्या कामावर माती वाहिली होती. पन्नास वर्षांत तलाव गाळानं निम्मा भरला. त्या उन्हाळ्यात गाळ काढायला जेसीबी लागला आणि गाव ट्रॅक्टर घेऊन धावलं. दादानंही वावरात पंचवीस-तीस ट्रॉल्या टाकल्या. गाळ टाकला की पऱ्हाटी जोम धरते, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक.

मी काठावर उभी होते. यंत्रानं सरळ कापलेल्या भिंतीत थर दिसत होते. काळा, मग करडा, मध्येच बोटभर जाडीची वाळूची रेघ, पुन्हा काळा. अगदी वरच्या बाजूला वाळूची एक जाड रेघ होती. २२ जुलै २०२३ ला आमच्या भागात ढगफुटीसारखा पाऊस झाला, महागाव तालुक्यात पुरात अडकलेल्या माणसांसाठी हेलिकॉप्टर आणावी लागली. ती रेघ त्या दिवसाची असावी, असं माझ्या मनात आलं. खात्री नाही, पण इतकी वाळू तलावात आणायला तसंच पाणी लागतं. खालच्या एका थरातलं ढेकूळ मी परातीत धुतलं, तर तांदळाएवढे पांढरे शंख निघाले. माझी भाची शेजारी बसली होती. तिनं विचारलं की आत्या, इथं समुद्र नाही, मग शंख कुठून आले?

जन्मभर भूगोल शिकवला, तरी या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायला मला पुस्तकं उघडावी लागली. आणि पुस्तकांत पहिल्याच वळणावर रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप उभे होते. कारण हाच प्रश्न त्यांना १८५१ साली पडला होता, नागपूरजवळच्या टाकळीला.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ चा, स्कॉटलंडमधल्या डन्स नावाच्या छोट्या गावातला. एडिंबरो आणि ग्लासगो इथं ते शिकले, धर्मोपदेशक झाले आणि १८४४ च्या डिसेंबरात पत्नीसह मुंबईच्या बंदरात उतरले. पुढच्याच वर्षी ते नागपूरला आले. तेव्हा नागपुरात भोसल्यांचं राज्य होतं. आगगाडी नागपूरला पोहोचायला अजून बावीस वर्षं होती, म्हणजे मुंबईपासूनचा सगळा रस्ता बैलगाडीचा आणि घोड्याचा. आले ते धर्मप्रसारासाठी, हे उघड आहे. १८४६ मध्ये त्यांनी नागपुरात शाळा काढली. मराठी शिकले, गोंडी शिकले. त्यांच्या धर्मकार्याविषयी ज्याचं त्याचं मत असू शकतं, पण या माणसाला गावोगाव हिंडायची सवय लागली ती त्या कामामुळं, आणि हिंडताना खाली पाहायची सवय त्यांना लहानपणापासूनच होती. स्कॉटलंडमध्ये ते किडे, फुलं, दगड गोळा करत. विदर्भात आल्यावरही ती सवय सुटली नाही.

१८४७ मध्ये त्यांच्या मदतीला रॉबर्ट हंटर हे दुसरे धर्मोपदेशक आले. तेही निसर्गवेडे. दोघांची जोडी जमली. १८५१ च्या सुमारास टाकळीला फिरायला गेले असताना त्यांना काळ्या पाषाणाच्या थरांमध्ये दडलेला एक वेगळाच, पातळ थर दिसला, आणि त्या थरात दगड झालेला शंख. टाकळी आज नागपूर शहरात जमा झाली आहे. तेव्हा ती गावाबाहेर होती.

त्या शंखाचं महत्त्व समजून घ्यायचं तर आपल्या पायाखालच्या खडकाची गोष्ट थोडी सांगायला हवी. यवतमाळ जिल्ह्याचा बराचसा भाग ज्या काळ्या पाषाणावर उभा आहे, तो एके काळी वितळलेला रस होता. जमिनीला भेगा पडून हा लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला. मग पुन्हा आला, पुन्हा थिजला. एकावर एक थर चढत सगळं दख्खनचं पठार तयार झालं. आपल्या जिल्ह्यात शिबला-पार्डी भागात २०२१ साली रस्त्याच्या कामात एकमेकांना चिकटून उभे असलेले षटकोनी दगडी खांब उघडे पडले आणि बघ्यांची गर्दी झाली. कुणाला ते जुन्या राजवाड्याचे वाटले. ते खांब म्हणजे सावकाश थंड होताना आकसून तडकलेला हाच लाव्हा.

आता अशा आगीच्या खडकात शंख कसा? हिस्लॉप आणि हंटर यांच्या आधीही हे कोडं एकाला पडलं होतं. १८३० च्या दशकात माल्कमसन नावाचे डॉक्टर हैदराबादहून नागपूरकडे आले होते. वाटेत निर्मळच्या डोंगरांत, म्हणजे आपल्या पैनगंगेच्या पलीकडे, त्यांना लाव्ह्याच्या खडकात असेच शंख मिळाले. त्यांतल्या एकाला प्राचीन लिपी वाचणाऱ्या जेम्स प्रिन्सेप यांच्यावरून ‘फायसा प्रिन्सेपी’ असं नाव पडलं. टाकळीला सापडला तो याच जातीचा शंख.

इथून पुढं हिस्लॉप यांनी जे केलं, ते मला फार शिकण्यासारखं वाटतं. त्यांनी एक शंख सापडल्याचा आनंद करून काम थांबवलं नाही. तो थर कुठं कुठं जातो, हे त्यांनी पाहिलं. थरातलं दुसरं काय काय सांगता येईल, ते गोळा केलं. फळं, बिया, झाडांची खोडं, गोड्या पाण्यातल्या शिंपल्या, डोळ्यांना जेमतेम दिसणारे कवचधारी जीव, इतकंच काय, किड्यांचे पंखही. घरात माणसं कमी आणि दगड जास्त, अशी अवस्था झाली असणार. जे आपल्याला कळत नाही ते जाणकारांकडं पाठवायचं, हा त्यांचा शिरस्ता होता. किड्यांचे अवशेष अँड्र्यू मरे यांनी अभ्यासले. नागपूरच्या दक्षिणेला मांगली इथं मिळालेली एका प्राण्याची कवटी लंडनला रिचर्ड ओवेन यांच्याकडं गेली. हे तेच ओवेन, ज्यांनी ‘डायनोसॉर’ हा शब्द घडवला. बेडकाच्या दूरच्या कुळातल्या, पण कितीतरी मोठ्या अशा त्या प्राण्याला ओवेन यांनी नाव दिलं. तो प्राणी तर लाव्ह्याच्याही फार आधीचा, वीस कोटी वर्षांपलीकडचा.

सगळं गोळा झाल्यावर हिस्लॉप यांनी मांडलेला हिशोब साधा होता. समुद्रातले शंख वेगळे, तळ्यातले वेगळे. हा शंख उथळ, संथ, गोड्या पाण्यात राहणाऱ्या गोगलगायीचा आहे. त्याच्यासोबतचे जीवही तळ्यातलेच. काठावरच्या झाडांची फळं सोबत आहेत. मग टाकळीला एके काळी तळं होतं. समुद्र इथं आला नव्हता. पुढं आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळचे शंख त्यांच्याकडं आले, तेव्हा त्यांत खाऱ्या आणि मचूळ पाण्यात राहणाऱ्या जाती होत्या. म्हणजे तिथं मात्र समुद्राचं पाणी पोहोचत होतं. नागपूरला तळं, राजमहेंद्रीला खाडी. पाणी केव्हाच आटून गेलं, पण ते कुठं गोडं होतं आणि कुठं खारं, हे शंखांवरून सांगता आलं.

माझ्या भाचीच्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं. शंखाला समुद्रच लागतो असं नाही, तळंही चालतं. तळ्याचं पाणी कसं आहे, किती आहे, काठावर काय उगवतं, याची नोंद गाळात आपोआप होत जाते.

हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूर परिसराच्या भूगर्भावरचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात छापला गेला. त्याच वर्षी प्रकृतीमुळं हंटर मायदेशी परतले. हिस्लॉप एकटे काम करत राहिले आणि १८६० मध्ये त्यांचा दुसरा मोठा निबंध आला. त्यात या तळ्यांचं वय त्यांनी ठरवलं ते मात्र चुकलं. शंखांची युरोपातल्या शंखांशी तुलना करून त्यांनी हे थर डायनोसॉर संपल्यानंतरच्या काळात टाकले. खडकाचं वय मोजण्याची आजची साधनं तेव्हा नव्हती. आता आपल्याला ठाऊक आहे की दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे डायनोसॉर संपले त्याच सुमाराचा आहे. लाव्ह्याचे दोन लोंढे येण्यामध्ये बराच काळ शांत जायचा. खोलगट जागी पावसाचं पाणी साठायचं, तळी व्हायची, झाडं वाढायची. मग पुढचा लोंढा यायचा आणि तळं झाकून टाकायचा. झाकलं गेलं म्हणूनच ते टिकलं. वय चुकलं, पण पाणी गोडं होतं हा त्यांचा निष्कर्ष आजही खरा आहे.

या माणसाची आठवण दगडांतच राहिली असं नाही. नागपूर भागात मिळालेल्या एका हिरवट खनिजाला १८५९ मध्ये ‘हिस्लोपाइट’ नाव मिळालं. मला त्याहून आवडतं ते दुसरं नाव. तळ्यातल्या काड्यांवर, दगडांवर, शंखांवर पातळ पापुद्र्यासारखा पसरणारा एक बारीक जीव आहे. मुंबईच्या डॉ. कार्टर यांनी १८५८ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि त्याला ‘हिस्लोपिया’ म्हटलं. तो जीव आजही आपल्या तळ्यांत आहे. आपण पाय धुवायला बसतो त्या दगडावरही असेल.

गोंडांमध्ये हिंडताना हिस्लॉप यांनी त्यांची भाषा, चालीरीती आणि गाणी लिहून घेतली. त्यांत लिंगोची मोठी कथा होती. आपल्या केळापूर, मारेगाव, झरी भागात गोंड, परधान, कोलाम यांची वस्ती आहे, आणि लिंगोचं नाव त्यांच्या घरांत आजही घेतलं जातं. ही टिपणं पुस्तकरूपानं १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केली. ते पुस्तक पाहायला हिस्लॉप मात्र उरले नव्हते.

१८६३ च्या पावसाळ्यात टेंपल, म्हणजे मध्य प्रांताचे मुख्य अधिकारी, आणि हिस्लॉप बुटीबोरीजवळच्या टाकळघाटला गेले होते. तिथं जुन्या दगडी वर्तुळांखालची दफनं उकरून पाहायची होती. अशी वर्तुळं विदर्भात ठिकठिकाणी आहेत. ४ सप्टेंबरला ते काम झालं. बाकीचे पुढं निघाले. हिस्लॉप वाटेतली एक शाळा तपासायला मागं राहिले आणि मग घोड्यावरून एकटेच निघाले. पाऊस झाला होता. जो ओढा येताना सहज ओलांडला होता, त्याला पाणी चढलं होतं. तळावर घोडा पोहोचला, स्वार पोहोचला नाही. पुढं शोध घेतल्यावर त्यांचा देह मिळाला. सेहेचाळिसावं वर्ष पुरं व्हायला चार दिवस होते. पुढं १८८३ मध्ये नागपूरच्या कॉलेजला त्यांचं नाव देण्यात आलं.

विदर्भातला ओढा कसा असतो, हे इथल्या माणसाला सांगायला नको. सकाळी घोट्याएवढं पाणी, संध्याकाळी पुरुषभर. अठरा वर्षं या मुलखात काढूनही, आणि कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पाण्याची पातळी शंखावरून ओळखूनही, त्या संध्याकाळच्या पाण्याचा अंदाज त्यांना आला नाही. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. मला ती एस. टी.ची खिडकी आणि शेंगांची पुडी आठवली.

तळ्याचा गाळ वाचण्याचं हे काम हिस्लॉप यांच्यानंतर थांबलं नाही. साधनं बदलली. त्याचं उत्तम उदाहरण आपल्या शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात आहे. लोणारचं सरोवर उल्का आदळून झालं, हे आपण शाळेत शिकलो. त्याचं पाणी कुठंच वाहून जात नाही, त्यामुळं आलेला गाळही तिथंच बसतो. २००८ मध्ये भारतीय आणि जर्मन शास्त्रज्ञांनी सरोवराच्या तळात नळी खुपसून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा सलग दंड वर काढला. त्या दहा मीटरांत सुमारे अकरा हजार वर्षं होती. गाळातल्या पानापाचोळ्याचं वय कार्बनच्या पद्धतीनं ठरवता येतं. पाऊस भरपूर असेल तेव्हाचा थर वेगळा असतो. पाणी आटून खारट झालं की विशिष्ट क्षारांचे खडे बनतात आणि ते गाळात अडकून राहतात. ते खडे दिसले की समजायचं, त्या काळात पाणी खाली गेलं होतं.

या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. मोसमी पाऊस दीर्घकाळ दुबळा राहिल्याचे दोन टप्पे त्यात दिसले. एक सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. दुसऱ्या टप्प्याकडं जरा नीट बघा. वाशीमचे वाकाटक त्यात आले, देवगिरीचे यादव आले, लोणारचं दैत्यसूदनाचं देऊळ आलं. आपल्याकडच्या बारवा आणि कुंडं पाऊस कमी म्हणून बांधली, असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. पण ती बांधणारी माणसं आजच्यासारखीच आकाशाकडं डोळे लावून बसत असतील, एवढं नक्की.

आपली आठवण किती लहान असते! माझे वडील दुष्काळ म्हटला की बहात्तर म्हणायचे. माझ्यापुढं २०२३ चा पूर उभा राहतो. भाचीला तर तोही धड आठवत नाही. आमच्या जिल्ह्यात बहुतेक शेती पावसावर. कापूस, तूर, सोयाबीन सगळं आभाळाच्या भरवशावर. कर्ज काढून पेरणी करणाऱ्या माणसाला विचारायचं असतं की एवढा खंड पूर्वी कधी पडला होता का, इतकं पाणी पूर्वी कधी आलं होतं का. सरकारी पर्जन्यमापकाच्या नोंदी शंभर-दीडशे वर्षांच्या पुढं फारशा जात नाहीत. त्यापलीकडचं उत्तर गाळातच आहे.

म्हणून गाळ काढू नये, असं मी म्हणणार नाही. तलाव भरला तर पाणी कुठं साठणार, आणि दादाच्या वावराला गाळ लागतोच. त्या वर्षी त्याची पऱ्हाटी खरंच चांगली होती. माझं मागणं लहान आहे. आपल्या भागात भोसल्यांच्या, निजामाच्या काळातले, त्याहूनही जुने तलाव आहेत. अशा जुन्या तलावाचा गाळ काढताना एका कोपऱ्यातला थर हात न लावता ठेवावा. गावातल्या शाळेनं एक नळी खुपसून गाळाचा एक दंड काढून ठेवावा, त्यावर तारीख आणि जागा लिहावी. पुढं कधी वाचता येणारा कुणी आला, तर त्याला वाचायला काही शिल्लक असेल. टाकळीला पुढच्या लाव्ह्यानं तळं झाकलं म्हणून ते राहिलं. आपल्याकडं आता लाव्हा येणार नाही, जेसीबी मात्र दर उन्हाळ्यात येतो.

आम्ही आमच्यापुरतं केलं. दादानं प्लास्टिकचा एक हातभर पाइप आणून दिला. निवृत्त मास्तरीण चिखलात खेळते म्हणून तो आधी हसला, मग स्वतःच पाइप ठोकायला बसला. भाचीनं वरच्या टोकाला बाण काढला, म्हणजे कुठली बाजू आभाळाकडं होती हे पुढं कळावं. त्यावर तिनं मे २०२४ असं लिहिलं, गावाचं नाव लिहिलं. तो पाइप दोन्ही तोंडं बांधून माहेरच्या कोठीत, बियाण्याच्या पोत्यांमागं उभा आहे. परातीत धुतलेले शंख तिनं काड्यापेटीत ठेवलेत.